एनएफएलची सॅलरी कॅप: करार कसा वाचायचा आणि ५३ जणांचा संघ कसा बसवायचा

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग, आणि सॅलरी कॅप म्हणजे टीमने एका वर्षात खेळाडूंवर करायच्या खर्चाची कमाल मर्यादा. २०२० मध्ये कॅन्सस सिटीच्या टीमने आपला क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून डाव चालवणारा खेळाडू, पॅट्रिक महोम्सचा करार १० वर्षांनी वाढवला, तेव्हा मथळ्यात आकडा आला ४५ कोटी डॉलर. टीमचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला या आकड्याचा फारसा उपयोग नसतो. त्याला तीनच गोष्टी हव्या असतात: यातले हमीचे किती, कोणत्या वर्षी कॅपवर किती चढणार, आणि आपल्याला सुटायचे झाले तर कधी व किती पडेल. एखाद्या टीमची वही स्वतः मांडून पाहायची असेल, तर सुरुवात याच तीन प्रश्नांपासून करा.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांनी एक फरक आधीच डोक्यात बसवून घ्यावा. तिथे खेळाडूची बोली पर्समधून त्याच वर्षी वजा होते. एनएफएलमध्ये आज खेळाडूच्या हातात पडलेली रोख रक्कम कॅपच्या वहीत पाच वर्षांपर्यंत पसरता येते. रोख वेगळी, कॅप वेगळी. पुढच्या सगळ्या करामती आणि सगळी दुखणी यातूनच निघतात.

आधी आपल्या टीमची खरी कॅप काढा

कॅप १९९४ मध्ये आली, तेव्हा ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख आणि २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. लीगच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा खेळाडूंचा, आणि त्यातून ३२ टीमना समान कॅप, असे हे गणित आहे. उत्पन्न आटले की कॅपही आटते. कोविडमुळे स्टेडियम रिकामी राहिली आणि २०२० ची १९ कोटी ८२ लाखांची कॅप २०२१ मध्ये १८ कोटी २५ लाखांवर आली. वाढ गृहीत धरून पुढच्या वर्षांवर बोजा ढकललेल्या टीमची तेव्हा चांगलीच तारांबळ उडाली.

पण २७ कोटी ९२ लाख हा २०२५ चा सामाईक आकडा झाला. मागच्या वर्षी न वापरलेली कॅप पुढे ओढता येते, ती त्यात मिळवा. गेल्या हंगामातल्या कामगिरी-बोनसचा फरक अधिक किंवा उणे करा. मग आता संघात नसलेल्या, तरी वहीत बसून राहिलेल्या खेळाडूंचे पैसे, म्हणजे डेड मनी, वजा करा. जे उरेल ते तुमचे. एकाच वर्षी दोन टीममध्ये पाच-सात कोटींचा फरक सहज पडतो.

ही कॅप पक्की आहे. बास्केटबॉल-बेसबॉलसारखा दंड भरून ओलांडण्याची सोय नाही. मार्चच्या मध्यावर लीगचे नवे वर्ष न्यूयॉर्कच्या दुपारी ४ वाजता सुरू होते, आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो. त्या मिनिटाला हिशेब कॅपच्या आत असावाच लागतो.

करार फोडून वाचा

एक काल्पनिक करार घेऊ. चार वर्षे, एकूण ६ कोटी डॉलर. त्यात साइनिंग बोनस २ कोटी, जो खेळाडूला लवकरच रोख मिळतो. कॅपवर मात्र तो करारातल्या वर्षांवर समान विभागला जातो, जास्तीत जास्त पाच वर्षे. इथे चार वर्षे, म्हणून दर वर्षी ५० लाख. बेस सॅलरी, म्हणजे वर्षाचा मूळ पगार, ज्या वर्षाची, त्याच वर्षी चढते.

पहिले वर्ष: बेस २० लाख + हप्ता ५० लाख = ७० लाख
दुसरे वर्ष: बेस १ कोटी १० लाख + ५० लाख = १ कोटी ६० लाख
तिसरे वर्ष: बेस १ कोटी ३० लाख + ५० लाख = १ कोटी ८० लाख
चौथे वर्ष: बेस १ कोटी ४० लाख + ५० लाख = १ कोटी ९० लाख

पहिल्या वर्षी खेळाडूने २ कोटी २० लाख घरी नेले, कॅपवर दिसले फक्त ७० लाख. उरलेले दीड कोटी माफ झालेले नाहीत, त्यांची तारीख तेवढी पुढे गेली आहे.

या दोन घटकांखेरीज आणखी दोन पाहायचे. रोस्टर बोनस म्हणजे ठरलेल्या दिवशी संघात असल्याबद्दलचे पैसे. ते त्याच वर्षी पूर्ण चढतात. दुखापतींचा इतिहास असलेल्या खेळाडूला हा बोनस सामन्यागणिक लावतात. दुसरा घटक कामगिरीचा बोनस. त्याला एक सरळ कसोटी आहे: मागच्या हंगामात त्याने ती पायरी गाठली होती का? गाठली असेल तर बोनस ‘मिळण्याजोगा’ मानून आत्ताच कॅपवर धरतात, नाहीतर धरत नाहीत. हंगामानंतर प्रत्यक्षात काय झाले ते पाहून फरक पुढच्या वर्षी वळता होतो. मागचे वर्ष दुखापतीत गेलेल्या रिसीव्हरला मोठे बोनस लिहून देण्यामागची गोम हीच. यंदाच्या कॅपवर त्यांची किंमत शून्य.

हमी: शब्द एक, अर्थ तीन

हमी तीन प्रकारची असते: खेळ घसरला म्हणून काढले तरी पैसे, दुखापतीमुळे काढले तरी पैसे, कॅपसाठी काढले तरी पैसे. तिन्ही असतील तरच ती पूर्ण हमी. बातमीत ‘हमीचे ४ कोटी’ लिहिलेले असते, त्यातले दीड कोटी अनेकदा फक्त दुखापतीपुरते असतात आणि पुढच्या मार्चमध्ये ठरलेल्या तारखेला पूर्ण हमीचे होतात. ती तारीख शोधा. सहसा लीग-वर्षाचा तिसरा किंवा पाचवा दिवस असतो. टीमने खेळाडूला ठेवायचे की सोडायचे, हा निर्णय त्या तारखेच्या आत घ्यावाच लागतो, आणि एजंट ती लीग-वर्षाच्या सुरुवातीलाच मागतो तेही त्यासाठीच. सोडायचेच असेल तर इतर टीमकडे पैसे शिल्लक असताना सोडा.

पुढच्या वर्षांच्या हमीचा मोठा भाग टीमला आगाऊ बाजूला ठेवावा लागतो, असा जुना नियम आहे. बहुतेक करारांत हमी पहिल्या दोन वर्षांत गोळा झालेली दिसते, त्याला हेही एक कारण. क्लीव्हलंडने २०२२ मध्ये डेशॉन वॉटसनला पाच वर्षांचे २३ कोटी पूर्ण हमीने दिले, तेव्हा बाकीचे मालक का वैतागले हे यावरून कळते.

आपल्या उदाहरणात बोनस आणि पहिल्या दोन वर्षांचे बेस हमीचे धरा. हमी झाली ३ कोटी ३० लाख. म्हणजे हा चार वर्षांचा नाही, दोन वर्षांचा करार आहे, आणि पुढची दोन वर्षे टीमच्या मर्जीची. कराराची खरी लांबी मोजायची ती अशी.

रीस्ट्रक्चर करा, पण दोन वर्षे पुढचे पाहून

दुसऱ्या वर्षी कॅप कमी पडली. खेळाडूचा १ कोटी १० लाखांचा बेस आहे. किमान पगाराच्या आसपास १२ लाख ठेवून उरलेले ९८ लाख साइनिंग बोनसमध्ये बदलले. हेच रीस्ट्रक्चर. खेळाडूचा एक पैसा कमी होत नाही, उलट पैसे लवकर मिळतात. म्हणून तो हसत सही करतो, आणि बहुतेक करारांत त्याची संमती आधीच लिहून घेतलेली असते.

करारात तीनच वर्षे उरली असल्याने ९८ लाख तीनांत विभागले जातील. त्याऐवजी मागे दोन व्हॉइड वर्षे जोडली, म्हणजे ज्या वर्षी खेळाडू प्रत्यक्ष खेळणार नाही अशी नावापुरती वर्षे, तर विभागणी पाचांत होते: दर वर्षी १९ लाख ६० हजार. दुसऱ्या वर्षाचा कॅप-आकडा १ कोटी ६० लाखांवरून ८१ लाख ६० हजारांवर आला. ७८ लाख ४० हजार मोकळे.

आता बिल पाहा. तिसरे वर्ष १ कोटी ९९ लाख ६० हजार, चौथे २ कोटी ९ लाख ६० हजार. करार व्हॉइड झाला की उरलेले दोन हप्ते, ३९ लाख २० हजार, पाचव्या वर्षी एकदम पडणार, आणि तेव्हा तो खेळाडू कदाचित दुसऱ्याच टीमसाठी टॅकल करत असेल.

खरी चूक इथे होते. रीस्ट्रक्चर न करता तिसऱ्या वर्षाआधी त्याला सोडले असते, तर उरलेले दोन हप्ते, म्हणजे १ कोटी, डेड मनी झाले असते आणि ८० लाख वाचले असते. रीस्ट्रक्चरनंतर सोडले तर डेड मनी १ कोटी ७८ लाख ४० हजार, आणि वाचतात फक्त २१ लाख २० हजार. म्हणजे त्या एका सहीने तुम्ही त्याला आणखी एक वर्ष जवळजवळ बांधून घेतलेत. म्हणून ज्याला पुढची दोन वर्षे ठेवायचेच आहे, त्याच्याच कराराला हात लावा. तिशी ओलांडलेल्या, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या लाइनबॅकरचा करार सोयीचा दिसतो म्हणून रीस्ट्रक्चर करणे हा उधारीचा सर्वात महाग प्रकार.

न्यू ऑर्लिन्स वर्षानुवर्षे हे करत आली. फिलाडेल्फियाही पुढे ढकलते, पण तिचा भर ऑप्शन बोनसवर, म्हणजे करारातला पर्याय वापरताना द्यायच्या बोनसवर, असतो. तो दर वर्षी नव्याने देऊन नव्याने पसरता येतो, आणि तिथे हे मुख्यतः तरुण, बिनीच्या खेळाडूंबाबत केले जाते. कॅप वाढत असताना तरुणावर घेतलेली उधारी स्वस्त पडते. हत्यार तेच, माणूस निवडण्यात फरक.

सोडताना: डेड मनी आणि १ जून

खेळाडूला काढले किंवा ट्रेड केले की साइनिंग बोनसचे न चढलेले सगळे हप्ते त्याच वर्षी कोसळतात. ट्रेडमध्ये पुढचा बेस नव्या टीमकडे जातो, हप्ते जुन्या टीमच्याच गळ्यात राहतात.

१ जूननंतर सोडले तर चालू वर्षाचा हप्ता यंदा आणि उरलेले पुढच्या वर्षी, अशी फोड मिळते. मार्चमध्येच सोडून दोन खेळाडूंपुरती ही सवलत आधी नोंदवताही येते. आपल्या रीस्ट्रक्चर झालेल्या खेळाडूचे असे केले तर तिसऱ्या वर्षी ६९ लाख ६० हजार आणि चौथ्या वर्षी १ कोटी ८ लाख ८० हजार. यंदा १ कोटी ३० लाख सुटले. पण यात एक मेख आहे: १ जून उलटेपर्यंत त्याचा पूर्ण आकडा वहीतच राहतो. मार्चच्या खरेदीला हे पैसे मिळत नाहीत. ते ड्राफ्टमधून, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, आलेल्या नव्या खेळाडूंना आणि हंगामातल्या गरजांना उपयोगी पडतात.

सर्वात मोठा धडा डेन्व्हरचा. २०२२ मध्ये रसेल विल्सनला त्यांनी पाच वर्षांची वाढ दिली, २४ कोटींहून अधिकची. २०२४ च्या लीग-वर्षाच्या पाचव्या दिवशी त्याचा २०२५ चा ३ कोटी ७० लाखांचा पगारही हमीचा होणार होता, म्हणून त्याआधीच सोडला. डेड मनी ८ कोटी ५० लाख, लीगच्या इतिहासातला तोवरचा सर्वाधिक. १ जूनची नोंद करून तो सुमारे ५ कोटी ३० लाख आणि ३ कोटी २० लाख असा दोन वर्षांत फोडला. २०२४ चा त्याचा पगार आधीच हमीचा होता. त्यामुळे पिट्सबर्गने त्याला किमान पगारावर उचलले आणि बाकीचे पैसे डेन्व्हरने भरले. तरीही डेन्व्हर त्या हंगामात १० सामने जिंकून प्लेऑफमध्ये गेली, कारण क्वार्टरबॅकच्या जागी ड्राफ्टमधून आलेला बो निक्स स्वस्तात खेळत होता.

स्वस्त खेळाडू कुठून येतात

२०१० मध्ये ड्राफ्टमधल्या पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला ७ कोटी ८० लाखांचा करार मिळाला, ५ कोटी हमीचे. पुढच्याच वर्षी लीग आणि खेळाडू संघटनेच्या नव्या कामगार करारात रूकींचे, म्हणजे नवख्या खेळाडूंचे, पगार ड्राफ्टमधल्या क्रमांकानुसार बांधले गेले, आणि पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. आजच्या संघबांधणीचा पाया हा बदल आहे.

ड्राफ्ट झालेल्या प्रत्येकाचा करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतल्यांसाठी टीमला पाचव्या वर्षाचा पर्याय मिळतो, तो तिसऱ्या हंगामानंतर मेच्या सुरुवातीला घ्यायचा, आणि घेतला की पूर्ण हमी. तीन हंगाम होईपर्यंत रूकी करार पुन्हा लिहिताच येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोने २०२२ मध्ये शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर घेतलेला ब्रॉक पर्डी २०२३ मध्ये ८ लाख ७० हजारांच्या पगारावर टीमला सुपर बोलमध्ये घेऊन गेला. टीमला द्यायचे असते तरी जास्त देता येत नव्हते. वाचलेल्या पैशांत त्यांनी बाकी जागा भरल्या. मे २०२५ मध्ये पर्डीचा पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाखांचा करार झाला आणि त्याच वसंतात बरेच ज्येष्ठ खेळाडू बाहेर पडले.

तेव्हा बजेट मांडताना आधी पाहा, क्वार्टरबॅक रूकी करारावर आहे की नाही. असेल तर तीन वर्षांची खिडकी उघडी आहे, बाहेरून पास-रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर चाल करणारे) आणि टॅकल (आपल्या क्वार्टरबॅकला वाचवणारे) विकत आणा. नसेल तर दर वर्षी ड्राफ्टमधून दोन-तीन नियमित खेळाडू निघालेच पाहिजेत.

बाहेरून घेताना एक बारकावा. करार संपून गेलेले आणि तसेच आणलेले मोठे खेळाडू यांची वजाबाकी होऊन पुढच्या वर्षी तिसऱ्या ते सातव्या फेरीत भरपाईचे ड्राफ्ट क्रमांक मिळतात. दुसऱ्या टीमने करार मोडून सोडलेला खेळाडू घेतला तर तो या वजाबाकीत धरत नाहीत. तुमचे तीन चांगले खेळाडू जाणार असतील, तर जागा भरायला सोडलेले खेळाडू आधी चाळा, किंवा ड्राफ्टनंतरच्या सोमवारपर्यंत थांबा. तेव्हा हा हिशेब बंद होतो.

खालच्या जागांसाठी ज्येष्ठांची सवलत वापरा. २०२५ मध्ये सात हंगाम झालेल्याचा किमान पगार १२ लाख ५५ हजार होता, पण सवलतीच्या एक वर्षाच्या करारात कॅपवर चढत होते १० लाख ३० हजार.

फ्रँचायझी टॅग: लावण्याआधी दुसरे वर्ष मोजा

करार संपत आलेल्या एका खेळाडूला टॅग लावून एक वर्ष रोखता येते. रक्कम त्या जागेवरच्या वरच्या पगारांवरून किंवा मागच्या पगाराच्या १२० टक्क्यांवरून ठरते, जी मोठी ती. टॅगची अख्खी रक्कम एकाच वर्षी चढते, पसरता येत नाही. जुलैच्या मध्यापर्यंत लांब करार झाला नाही तर वर्षभर तसेच.

वॉशिंग्टनने कर्क कझिन्सला २०१६ मध्ये टॅग लावला, १ कोटी ९९ लाख ५३ हजार. २०१७ मध्ये पुन्हा, १२० टक्के, म्हणजे सुमारे २ कोटी ३९ लाख. तिसऱ्यांदा १४४ टक्के, ३ कोटी ४४ लाखांच्या पुढे. तिथे टीम थांबली, आणि २०१८ मध्ये तो मिनेसोटाला गेला: तीन वर्षे, ८ कोटी ४० लाख, सगळे हमीचे. एजंटने टॅगची शिडी मांडून ठेवली की टीमच्या हातात घासाघीस करायला फार उरत नाही.

मार्च ते ऑगस्ट: ५१ चा नियम

संघ ९० जणांचा असताना कॅपवर फक्त सर्वात महाग ५१ जण धरतात. यादीबाहेरच्यांचे बोनसचे हप्ते तेवढे चढतात. म्हणून वजाबाकी करताना घाई नको. ३० लाखांचा, बोनस न उरलेला खेळाडू सोडला तर ३० लाख वाचत नाहीत. यादीत ५२ वा वर सरकतो, तो ९ लाख ६० हजारांचा असेल तर वाचले २० लाख ४० हजार. ड्राफ्टच्या पाचव्या-सहाव्या फेरीतल्यांचा बोजाही याच कारणाने उन्हाळ्यात नगण्य दिसतो.

५३ ठरवण्याचा दिवस

ऑगस्टच्या शेवटी ९० चे ५३ करायचे. चारपेक्षा कमी हंगाम झालेला खेळाडू सोडला की तो वेव्हर्सवर जातो, कोणीही त्याचा करार उचलू शकतो. चार हंगाम झालेला सरळ मोकळा होतो. या फरकाचा उपयोग असा: २०२४ पासून दोन जखमींना कपातीच्या दिवशीच परतीच्या नोंदीसह राखीव यादीत टाकता येते; त्याखेरीज दुखापत झालेल्या ज्याला हंगामात परत आणायचे आहे त्याला ५३ मध्ये ठेवा, तोंडी ठरवून एका ज्येष्ठाला सोडा, दुसऱ्या दिवशी जखमीला राखीव यादीत टाका आणि ज्येष्ठाला परत सही करायला बोलवा. ज्येष्ठ फुकट निसटण्याचा धोका असतो, पण तरुण सोडला तर कोणीही त्याला परस्पर उचलू शकतो.

चार हंगाम झालेला ज्येष्ठ पहिल्या सामन्याच्या यादीत असला की त्याचा वर्षभराचा बेस व्यवहारात हमीचा होतो. काठावरच्या ज्येष्ठाची सही अनेकदा दुसऱ्या आठवड्यात का होते, ते यावरून समजेल.

जागांची वाटणी टीमच्या पद्धतीप्रमाणे बदलते. क्वार्टरबॅक दोन किंवा तीन, आक्रमक लाइन आठ-नऊ, बचावाची मागची फळी दहाच्या आसपास, किक-पंट-स्नॅपचे तिघे. सामन्याच्या दिवशी लाइनमन आठ असतील तर ४८ जण सामन्यासाठी सज्ज ठेवता येतात, सातच असतील तर ४७. आठवा लाइनमन कितीही कच्चा असो, त्याच्यासाठी त्यामुळे एक जादा जागा मिळते.

हंगाम सुरू होताच ५१ चा नियम संपतो. सगळे ५३, राखीव यादीतले जखमी आणि सराव-पथक (५३ बाहेर सरावासाठी ठेवलेले खेळाडू), सगळेच चढतात. २०२५ मध्ये सराव-पथकात आठवड्याला किमान १३ हजार. १८ आठवडे आणि १६ जण धरले तर ३७ लाख ४४ हजार. ५२ वा आणि ५३ वा मिळून १८-२० लाख. जखमींच्या बदल्यात येणाऱ्यांसाठी ४०-५० लाख. म्हणजे १ कोटीच्या आसपास रक्कम सप्टेंबरला हात न लावता शिल्लक हवी. ऑगस्टमध्ये ‘अजून ९० लाख आहेत’ म्हणून कोणा ज्येष्ठाला घेणारी टीम ऑक्टोबरमध्ये तिसरा कॉर्नरबॅक जायबंदी झाला की मुख्य खेळाडूचा करार घाईघाईने रीस्ट्रक्चर करते. हंगामाच्या मध्यावर त्यातून फारसे सुटतही नाही, कारण तोवर बेसचे निम्मे हप्ते दिले गेलेले असतात आणि बदलता येतात ते फक्त उरलेले.

सराव-पथकातून प्रत्येक सामन्याला दोघांना वर घेता येते, एकाच खेळाडूला हंगामात तीनदा. चौथ्यांदा हवा असेल तर त्याला ५३ मध्ये सही द्या, आणि त्यासाठी कोणाला काढायचे ते शनिवारी दुपारपर्यंत ठरवून ठेवा.